मॉडेल विमानाचे भाग सीएनसीवर कापताना: लेझर, राउटर आणि गरम तार

मॉडेल विमानाचा पंख हाताने बनवताना सगळ्यात जास्त वेळ खातात त्या रिब्ज, म्हणजे पंखाचा आडवा छेद ठरवणारे पातळ तुकडे. एकसारख्या वीस-बावीस रिब्ज कापायच्या, एकत्र बांधून घासायच्या, प्रत्येकीत स्पारची, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांडीची, खाच काढायची. संगणकावर चालणारे यंत्र, म्हणजे सीएनसी, हेच काम अर्ध्या तासात उरकते. पण पहिल्या खेपेला बहुतेकांच्या हाती न बसणाऱ्या तुकड्यांचा ढीगच येतो. स्पार खाचेत जात नाही, किंवा गेला तर खुळखुळतो. यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. त्याने दिलेली रेषा बरोबर कापलेली असते. समोरचा ताव प्रत्यक्षात किती जाड आहे आणि कापताना किती लाकूड नाहीसे होते, एवढेच कुणी मोजलेले नसते. म्हणून या लेखात बटणांपेक्षा मोजमापावर भर जास्त आहे.

उदाहरणासाठी एकच पंख धरू: एकूण लांबी १२०० मिमी, मुळाशी कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) २४० मिमी, टोकाशी १८० मिमी, एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) क्लार्क वाय, दोन रिब्जमध्ये ६० मिमी अंतर. म्हणजे एका बाजूला ११ आणि एकूण २२ रिब्ज.

कोणता भाग कशावर कापायचा

बाल्सा आणि ३ मिमीपर्यंतचा प्लाय यांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीच्या) लेझरला तोड नाही. लाकडाला टोलाच बसत नाही, त्यामुळे १ मिमी बाल्साही फाटत नाही आणि आतले कोपरे काटकोनात येतात. डायोड लेझरही चालतो, फक्त वेळ जास्त लागतो आणि कडा अधिक काळ्या होतात. इंजिन किंवा मोटर बसवायची फायरवॉल, ५-६ मिमी प्लाय, फायबरग्लासचा जी१० पत्रा आणि कार्बन हे राउटरचे, म्हणजे फिरत्या पात्याने (बिटने) कापणाऱ्या यंत्राचे, काम. फोमचे पंख गरम तारेवर.

एक पथ्य आधीच सांगतो: लेझरमध्ये पीव्हीसी कधीही घालू नका. त्यातून क्लोरीनयुक्त वायू आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. माणसाला ती घातक आहेच, शिवाय यंत्राचे रूळही गंजतात. एबीएस वितळून पेटते, पॉलिकार्बोनेट कापले न जाता पिवळे-काळे पडते, आणि कार्बन फायबरमधला रेझिन जळतो पण धागे तसेच राहतात.

ताव निवडणे

बाल्साचा ताव साधारण ९१५ मिमी लांब आणि ७५ किंवा १०० मिमी रुंद मिळतो. विकत घेताना जाडीइतकेच वजन बघा. ९१५ × १०० × २.४ मिमीचा हलका ताव (घनमीटरला १३० किलो) सुमारे २८ ग्रॅम भरतो, आणि तेवढाच कडक ताव (२०० किलो) ४४ ग्रॅम. विमानाच्या वजनाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहेच, पण कापणीच्या दृष्टीनेही आहे. ज्या वेगात हलका ताव आरपार जातो, त्याच वेगात कडक ताव खालच्या बाजूने अर्धवट राहतो. म्हणून सगळे ताव तोलून प्रत्येकावर पेन्सिलीने ग्रॅम लिहा आणि एका बैठकीत एकाच वजनगटातले ताव कापा.

रिबला ताठपणा हवा, तेव्हा आडव्या कापाचा, चट्ट्यापट्ट्यांचा दिसणारा सी-ग्रेन ताव घ्या. तो वाकवला तर चिरतो, आणि रिबसाठी नेमके तेच हवे. पंखावर गुंडाळायच्या पातळ आवरणाला लवचिक ए-ग्रेन. रिबमध्ये तंतू पुढून मागे, म्हणजे कॉर्डच्या दिशेने गेले पाहिजेत. चित्र तावावर मांडताना जागा वाचवायला एखादी रिब आडवी फिरवाल तर ती हातातच मोडेल.

प्लायबाबत डिंक महत्त्वाचा. बाहेरच्या वापराच्या, पाणी सोसणाऱ्या प्लायमधला गडद फिनॉलिक डिंक लेझरला दाद देत नाही. वरचा थर कापला जातो आणि किरण आतल्या डिंकाच्या थरावर अडतो. घरातल्या वापराचा, फिकट डिंकाचा प्लाय घ्या. ताव उजेडासमोर धरला तर पातळ प्लायमधल्या आतल्या गाठी आणि भरलेले खड्डे दिसतात. तिथे काप अर्धा राहणार हे गृहीत धरून महत्त्वाचा भाग तिथून हलवा.

रेखाचित्र: एअरफॉइलपासून रिबपर्यंत

एअरफॉइलची फाइल म्हणजे ० ते १ मधल्या आकड्यांच्या जोड्या. प्रचलित पद्धतीत यादी मागच्या कडेपासून सुरू होते, वरच्या पृष्ठभागावरून पुढच्या टोकापर्यंत येते आणि खालून परत मागे जाते. सगळे आकडे कॉर्डने गुणले की मिमीमधला आकार मिळतो. क्लार्क वायची जाडी कॉर्डच्या ११.७%, म्हणजे मुळाशी २८.१ मिमी आणि टोकाशी २१.१ मिमी. बिंदू सरळ रेषांनी जोडू नका, स्प्लाइनने, म्हणजे गुळगुळीत वक्राने, जोडा. नाहीतर पुढच्या गोलाईवर पैलू पडतात आणि आवरणाखालून ते उठून दिसतात. मागच्या कडेला मात्र स्प्लाइन तोडून सरळ रेषेने बंद करा, कारण टोकदार कोपऱ्यात स्प्लाइन भोवंडते.

आता आवरण वजा करा. पंखावर १.६ मिमी बाल्साचे आवरण येणार असेल तर रिबची बाह्यरेषा सगळीकडून १.६ मिमी आत घ्यायची. मुळाशी उरते २८.१ − ३.२ = २४.९ मिमी. हे ऑफसेट आज्ञेने करा. आकार टक्केवारीने लहान करणे म्हणजे ऑफसेट नव्हे, त्यात पुढचे टोक आणि मागची कड दोन्ही जागा सोडतात. ऑफसेट केल्यावर वरची आणि खालची रेषा मागच्या कडेच्या थोडे आधीच एकमेकींना छेदतात. तिथे रिब कापून टाका. पुढचे काम ट्रेलिंग एजची (मागच्या कडेची) पट्टी करते.

निमुळत्या पंखात हमखास होणारी चूक अशी: मुळाची रिब पूर्ण तयार करायची, खाचा-भोकांसकट, आणि मग तीच लहान करत टोकापर्यंत न्यायची. १८० भागिले २४० म्हणजे ०.७५. मुळाशी ६.४ मिमीची असलेली स्पारची खाच टोकाला ४.८ मिमीची झाली. आवरणाची वजाबाकीही १.६ ची १.२ झाली. क्रम उलटा हवा: आधी फक्त एअरफॉइलचे ११ आकार काढा, मग प्रत्येकावर आवरणाचा ऑफसेट, आणि सगळ्यात शेवटी खाचा.

पंखाच्या टोकाला २ अंशांचा वॉशआउट (मागची कड वर उचलणारा पीळ) हवा असेल तर प्रत्येक रिबच्या खाली पाय काढून ठेवा. १८० मिमी कॉर्डवर २ अंश म्हणजे मागची कड ६.३ मिमी वर. मुळाशी शून्य, टोकाशी ६.३, मधल्या रिब्जना प्रमाणात. हे पाय सपाट पाटावर टेकले की पंख आपोआप योग्य पीळ घेऊन उभा राहतो. नंतर ते तोडून टाकायचे, म्हणून पायाच्या मुळाशी तुटक कापाची रेघ द्या.

वजन कमी करायला भोके पाडताना हात आवरा. बाल्साच्या रिबमध्ये कडेला किमान ६ मिमी लाकूड ठेवा आणि स्पारच्या खाचेजवळ भोक नको. प्लायच्या फॉर्मरमध्ये (धडाच्या आडव्या चौकटीत) आतले कोपरे २-३ मिमी त्रिज्येने गोल करा. लेझरने काढलेला टोकदार कोपरा दिसतो सुबक, पण विमान जोरात उतरले की चीर तिथूनच सुरू होते.

कर्फ आणि खाचा

कापताना नाहीशी होणारी पट्टी म्हणजे कर्फ. लेझरमध्ये ती साधारण ०.१ ते ०.२ मिमी असते, राउटरमध्ये बिटच्या व्यासाइतकी. लेझरचा किरण रेषेच्या मधोमध चालतो, म्हणून बाहेरचा आकार कर्फएवढा लहान होतो आणि खाच कर्फएवढी मोठी.

एकच चौकोन कापून कर्फ मोजायला गेलात तर कॅलिपरच्या दाबानेच बाल्सा ०.०५ मिमी दबतो आणि आकडा फसवा येतो. त्यापेक्षा ही पद्धत बरी. १०० मिमी लांब, ३० मिमी रुंद चौकट काढा आणि ९ उभ्या रेषांनी तिचे दहा तुकडे पाडा. कापून झाल्यावर तुकडे चौकटीतच ठेवून सगळे एका बाजूला सरकवा. दुसऱ्या बाजूला उरलेली फट म्हणजे ११ कापांची बेरीज: नऊ मधल्या रेषा आणि दोन कडा. फट १.७ मिमी आली तर कर्फ १.७ ÷ ११ = ०.१५ मिमी. चौकट तंतूंच्या दिशेने आणि आडवी अशा दोन्ही प्रकारे कापा. बाल्सामध्ये दोन आकड्यांत किंचित फरक दिसू शकतो.

आता जाडी. '३ मिमी' म्हणून विकला जाणारा प्लाय २.८ ते ३.२ पर्यंत काहीही निघतो. ताव चार कोपऱ्यांवर आणि मध्ये मोजा. समजा सरासरी २.९४ आली. चपखल बसण्यासाठी तयार खाच २.९४ हवी, डिंकाला जागा म्हणून ०.०५ जास्त, म्हणजे २.९९. कर्फ ०.१५ वजा केला की चित्रात काढायची खाच २.८४ मिमी. जीभ, म्हणजे खाचेत घुसणारा भाग, उलट्या हिशोबाने: लांबी कर्फएवढी वाढवून काढायची.

बाल्सामध्ये मात्र डिंकासाठी वेगळी जागा सोडू नका. मऊ लाकूड दबते, तेव्हा तयार खाच जाडीएवढीच किंवा ०.०५ कमी ठेवा. प्लायचा फॉर्मर बाल्साच्या बाजूत बसत असेल तर दबणारा बाल्साच असतो, तेव्हा नियम बाल्साचा लावा.

या हिशोबावरही आंधळा विश्वास नको. दर नव्या तावाच्या कोपऱ्यात एक कंगवा कापा: २.६० पासून ३.१० पर्यंत ०.०५ च्या पायरीने ११ खाचा, प्रत्येकीच्या शेजारी आकडा कोरलेला. त्याच तावाचा एक तुकडा प्रत्येक खाचेत घालून बघा. जी खाच अंगठ्याच्या दाबाने भरते आणि तुकडा उलटा धरला तरी पडत नाही, तिचा आकडा चित्रात घाला. दोन मिनिटांचे काम आहे, आणि पूर्ण ताव वाया जाण्यापासून वाचवते. आठवडाभराने दमट हवेत तोच ताव काढाल तर कंगवा पुन्हा कापा.

दोन रिब्ज किंवा रिब आणि शिअर वेब (स्पारमधली उभी पट्टी) एकमेकींत अडकतात तिथे दोन्ही खाचा निम्म्या उंचीच्या असतात. प्रत्येकीची खोली ०.१ ते ०.२ मिमी जास्त द्या. नाहीतर दोन्ही खाचांची टोके आपटतात आणि रिब वर तरंगते. हे बघून लोक खाच रुंद करत बसतात, जेव्हा चूक खोलीत असते.

आणखी एक सापळा: लेझरच्या अनेक प्रोग्राममध्ये कर्फची भरपाई आपोआप करायची सोय असते. ती चालू आणि चित्रातही वजाबाकी, असे झाले की खाच दुपटीने घट्ट. एकच जागा ठरवा. मूळ चित्र कर्फशिवाय, खऱ्या मापाचे ठेवणे आणि भरपाई प्रोग्रामवर सोपवणे सोयीचे पडते, कारण तेच चित्र पुढे राउटरवरही चालते.

राउटरच्या बाबतीत आकड्यांचा हाच खेळ बिटच्या व्यासावर होतो. १.५ मिमीचा बिट कोलेटमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) किंचित वाकडा फिरला तर १.५५ मिमीची खाच पाडतो. एक सरळ खाच कापून ती ड्रिलच्या दांड्यांनी मोजा आणि कॅम प्रोग्राममध्ये (जो चित्रावरून बिटचा मार्ग काढतो) व्यास म्हणून तोच आकडा द्या. गोल बिटला आतला काटकोन काढता येत नाही, कोपऱ्यात ०.७५ मिमी त्रिज्येची गोलाई उरते आणि चौकोनी स्पार तिथे अडतो. त्यावर उपाय म्हणजे डॉगबोन: कोपऱ्यात बिटएवढ्या व्यासाचे वर्तुळ असे काढायचे की ते कोपऱ्याच्या बिंदूला स्पर्श करेल. आणि खाच बिटपेक्षा अरुंद असेल तर बरेच कॅम प्रोग्राम ती खाच मुकाट्याने गाळून टाकतात. १.६ मिमीच्या खाचेसाठी २ मिमीचा बिट निवडलात तर चूक कळते ती ताव सुटल्यावर.

फाइल साफ करणे आणि ताव भरणे

डीएक्सएफ (रेखाचित्राची) फाइल उघडल्याबरोबर एक ज्ञात माप तपासा. या फाइलमध्ये एकक हरवण्याची खोड असते. २४० मिमीची रिब ६०९६ मिमीची किंवा ९.४५ मिमीची दिसली तर २५.४ चा, म्हणजे इंचाचा घोटाळा आहे. नंतर एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा शोधून काढा. लेझर त्या दोनदा कापतो आणि ती कड जळून काळी होते. उघडे राहिलेले आकार बंद करा, त्याशिवाय आत-बाहेरची भरपाई लागत नाही. स्प्लाइनचे शेकडो चिमुकल्या रेषांत रूपांतर झाले असेल तर यंत्र अडखळत चालते आणि प्रत्येक अडखळ्यावर कडेला भाजल्याचा ठिपका पडतो. अशा रेषा कंसांत बदलून घ्या, ०.०२ मिमीची सूट पुरेशी आहे.

तीन रंग किंवा तीन थर ठेवा: कोरायच्या खुणा, आतली भोके-खाचा, बाहेरची रेषा. कापायचा क्रमही हाच. बाहेरची रेषा आधी कापली तर तुकडा सुटून हलतो आणि नंतरची भोके जागा सोडतात. प्रत्येक भागावर क्रमांक, पुढची दिशा आणि मध्यरेषा कोरा. टेबलावर एकसारख्या दिसणाऱ्या २२ रिब्ज पसरल्या की आर-५ आणि आर-६ मधला ६ मिमीचा फरक डोळ्यांना कळत नाही.

१०० मिमी रुंद तावावर मुळाकडच्या रिब्जच्या तीन रांगा बसतात, टोकाकडच्या चार. दोन भागांत लेझरसाठी २ मिमी आणि राउटरसाठी बिटच्या व्यासाच्या दुप्पट जागा सोडा. मोठ्या-छोट्या रिब्ज नीट मिसळल्या तर २२ रिब्ज दोन तावांत मावतात.

यंत्र खरे चालते का

पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात मापाची चूक हळूच शिरते. ०.३% चूक म्हणजे ६०० मिमीला १.८ मिमी, आणि तेवढ्यात एका टोकाच्या खाचा दुसऱ्या टोकाच्या रिब्जशी जुळत नाहीत. यंत्राला ३०० मिमी चालवा आणि खूण मोजा. २९८.८ आले आणि सेटिंगमध्ये मिमीमागे २५० पावले असतील, तर नवा आकडा २५० × ३०० ÷ २९८.८ = २५१.०. दोन्ही अक्षांना वेगवेगळे तपासा.

काटकोनासाठी ३०० × ४०० मिमीचा आयत आखा. दोन्ही कर्ण ५०० यायला हवेत. घाई असेल तर एकाच मापाचे दोन चौकोन कापून एक उलटा करून दुसऱ्यावर ठेवा. चूक दुप्पट होऊन दिसते.

लेझरवर कापणी

आधी फोकस. तावाच्या वरच्या पृष्ठभागावर, आणि ३ मिमीपेक्षा जाड प्लाय असेल तर जाडीच्या साधारण मध्यावर. ताव वाकलेला असेल तर एका टोकाला फोकस बरोबर आणि दुसऱ्याला दोन मिलिमीटर चुकलेला राहतो. चुंबकांनी किंवा पिनांनी ताव जाळीवर चपटा दाबून धरा, आणि डोके फिरताना त्यांना धडकणार नाही हे एकदा कोरड्या फेरीत बघून घ्या.

वेग आणि शक्तीचा तक्ता स्वतःच्या यंत्रावर काढावाच लागतो, कारण नळी जुनी झाली की ताकद उतरते आणि आरसा मळला तरी उतरते. सुरुवातीचे आकडे म्हणून ४० वॅटच्या सीओटू नळीवर २.४ मिमी बाल्सासाठी सेकंदाला २० मिमी आणि ४०% शक्ती, ३ मिमी हलक्या प्लायसाठी सेकंदाला १० मिमी आणि ६०% घ्या. १० वॅटच्या डायोडवर ३ मिमी प्लायला सेकंदाला ४-५ मिमी आणि पूर्ण शक्ती. इथून वेग दहा-दहा टक्क्यांनी बदलत छोटी वर्तुळे कापा. जे वर्तुळ ताव उचलल्याबरोबर आपसूक पडते, त्याच्या एक पायरी मागचा वेग ठेवा. तेवढी राखीव ताकद तावातल्या कडक पट्ट्यासाठी लागते.

कापाच्या जागी हवेचा झोत हवाच. त्याने ज्वाला विझते, धूर भिंगापासून दूर राहतो आणि कड फिकट येते. झोत बंद पडला तर बाल्सा क्षणात पेट घेतो. म्हणून यंत्र चालू असताना तिथून हलायचे नाही, आणि अग्निशामक हाताशी ठेवायचा. डायोड लेझरच्या निळ्या किरणाला (सुमारे ४५० नॅनोमीटर) साधा पारदर्शक ॲक्रिलिक अडवत नाही, सीओटूचा १०.६ मायक्रॉनचा किरण तोच ॲक्रिलिक अडवतो. एका यंत्राचा चष्मा दुसऱ्याला चालत नाही तो यामुळे.

कोपऱ्यात यंत्र मंदावते आणि शक्ती तेवढीच राहिली तर कोपरा जास्त जळतो. जीआरबीएल (यंत्र चालवणारा प्रोग्राम) असलेल्या नियंत्रकावर सेटिंग ३२ मध्ये १ लिहून लेझर मोड सुरू करा आणि एम३ आज्ञेऐवजी एम४ वापरा. मग वेगाप्रमाणे शक्ती आपोआप कमी-जास्त होते.

लहान तुकडे सुटून तिरके उभे राहतात आणि नॉझलला अडकतात. बाहेरच्या रेषेत ०.५ मिमीचे दोन-तीन पूल ठेवा, नंतर पात्याने कापा. खालच्या बाजूला जाळीचे तपकिरी डाग उमटत असतील तर ताव जाळीपासून १० मिमी वर उचलून ठेवा. आणि कड किंचित उतरती येते, काप वर रुंद आणि खाली अरुंद, हे लक्षात ठेवून सगळ्या रिब्ज जोडताना एकाच दिशेला तोंड करून लावा.

राउटरवर कापणी

खाली एमडीएफचा फळा टाका आणि यंत्रावर बसवल्यानंतर तो त्याच यंत्राने २२-२५ मिमीच्या बिटने सपाट करून घ्या; एका फेरीत ०.२ मिमी, सगळीकडे नवा पृष्ठभाग दिसेपर्यंत. उंचीचा शून्य या फळ्यावर घ्या, तावाच्या माथ्यावर नव्हे. प्लायची जाडी बदलत असल्याने माथ्यावरचा शून्य एका टोकाला काप अर्धा ठेवतो. फळ्यावर शून्य घेतला आणि ०.१५ मिमी खाली गेलो की काप सगळीकडे आरपार.

पातळ ताव धरून ठेवायला सोपी युक्ती: फळ्यावर मास्किंग टेप, तावाच्या खाली मास्किंग टेप, आणि दोन टेपांच्या पाठींमध्ये सुपरग्लू. दुहेरी चिकट पट्टीपेक्षा ही पकड पातळ आणि सपाट असते, आणि टेप सोलली की लाकूड स्वच्छ.

वेगाचे सूत्र: फेरे × धारा × एका धारेचा घास. मिनिटाला १८,००० फेरे, दोन धारा आणि ०.०३ मिमी घास म्हणजे मिनिटाला १०८० मिमी. १.५ मिमी कार्बाइड बिट आणि ३ मिमी प्लायसाठी एका फेरीत ०.८ ते १ मिमी खोल, म्हणजे तीन-चार फेऱ्या. बिट सरळ खाली खुपसू नका, ३ ते ५ अंशांच्या उताराने उतरवा. जळका वास आला आणि भुशाऐवजी पीठ निघू लागले तर वेग कमी पडतो आहे. बिट कापायचे सोडून घासतो आहे. नवशिके इथे घाबरून वेग आणखी कमी करतात आणि बिट लाल करून मोडतात.

बाल्साला वर ओढणारा सर्पिल बिट लावला तर वरचे तंतू केसांसारखे उभे राहतात. खाली दाबणारा बिट लावा. बाहेरची रेषा घड्याळाच्या दिशेने आणि आतली उलट चालवली की धार तंतू उचकटत नाही. शेवटच्या फेरीत ०.४ मिमी उंच आणि ३ मिमी रुंद पूल ठेवा, शक्यतो सरळ कडेवर. गोलाईवरचा पूल घासून काढताना आकार बिघडतो.

कार्बन आणि जी१० साठी हिऱ्यासारख्या दातांचा कार्बाइड बिट आणि उथळ तबकात पाण्याखाली कापणी. कोरडे कापले तर कार्बनची धूळ फुप्फुसात जाते आणि वीजवाहक असल्याने नियंत्रकाच्या पेटीत शिरून शॉर्ट करते. पाणी वापरत असाल तरी तबक पुसताना एफएफपी३ दर्जाचा मास्क लावा, कारण पाणी वाळले की तीच धूळ पुन्हा उडते.

फोमचे पंख, गरम तारेवर

इथे चार अक्ष असतात. तारेची दोन टोके दोन बुरुजांवर वेगवेगळ्या आकारात फिरतात. ठोकळा दोन बुरुजांच्या मध्ये नेमका कुठे ठेवला आहे हे प्रोग्रामला सांगावे लागते. बुरुजांत ८०० मिमी अंतर, ६०० मिमीचा ठोकळा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे १०० मिमी. आपला पंख दर १०० मिमीला १० मिमी निमुळता होतो, तेव्हा डावा बुरूज २५० मिमीचा आकार काढतो आणि उजवा १७० चा. ठोकळा चुकून ५० मिमी उजवीकडे सरकला तर मुळाची कॉर्ड २४० ऐवजी २३५ येते. दुसरा पंख बरोबर ठेवला असेल तर मध्यभागी जोडताना ५ मिमीची पायरी दिसते.

तारेचा कर्फ वेगावर ठरतो. हळू गेली की जास्त फोम वितळतो. निमुळत्या पंखात मुळाशी वेग सेकंदाला ४ मिमी असेल तर टोकाशी तो ३ मिमीच असतो, म्हणून टोकाचा कर्फ मोठा. दोन्ही बाजूंना एकच भरपाई दिली की पंखाचे टोक ठरल्यापेक्षा बारीक येते. त्याच फोमचे ३० मिमी जाडीचे दोन तुकडे या दोन वेगांनी कापा, जाडी मोजा आणि दोन वेगळे आकडे द्या.

तारेची उष्णता कापलेल्या पृष्ठभागावरून ओळखता येते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे निघत असतील तर ठीक. पृष्ठभाग चकचकीत आणि खाचखळगे पडलेला असेल तर तार फार गरम आहे. तार मध्ये मागे रेलत असेल तर ती थंड आहे किंवा वेग जास्त आहे, आणि मग पंखाच्या मधल्या भागात पुढचे टोक बोथट होते. ताण स्प्रिंगने द्या, कारण तापल्यावर तार लांबते. पक्क्या खिळ्याला बांधलेली तार कापताना झोळ खाते.

प्रवेश मागच्या कडेने करा आणि ती कड १ मिमी जाड ठेवा. त्याहून पातळ फोम तारेच्या नुसत्या उबेने आक्रसतो. ठोकळ्याची उरलेली वरची-खालची टरफले फेकू नका, आवरण चिकटवताना पंख त्यांच्यातच दाबून ठेवायचा असतो. धूर बाहेर जाईल अशी खिडकी उघडी हवी.

जोडणीआधी

सगळ्या रिब्ज स्पारच्या तुकड्यावर एकत्र ओवा आणि कडेने बघा. एखादी वर-खाली दिसली तर तिची खाच चुकली आहे. लेझरची काळी कड पांढऱ्या डिंकाला धरत नाही, कारण डिंक कोळशाच्या थराला चिकटतो आणि थर लाकडापासून सुटतो. सांध्याच्या जागा २४० नंबरच्या पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासा, फक्त तपकिरी होईपर्यंत. पूर्ण पांढरे लाकूड दिसेपर्यंत घासलेत तर ०.१ मिमी गेला आणि एवढ्या हिशोबाने बसवलेली खाच सैल झाली. पातळ सीए (सुपरग्लू) वापरणार असाल तर आधी सगळा सांगाडा डिंकाशिवाय जुळवा, पाटावर दाबून सरळ करा आणि मगच थेंब सोडा. सीए लागल्यावर दुरुस्तीला वेळ मिळत नाही.

मूळ चित्र कर्फशिवाय वेगळे जपून ठेवा. कापणीच्या प्रतीच्या नावातच तावाची जाडी, कर्फ आणि यंत्र लिहा. सहा महिन्यांनी एक रिब मोडली की नव्या तावाचा कंगवा कापायचा, त्याचा आकडा मूळ चित्रात घालायचा आणि तेवढी एकच रिब पुन्हा काढायची.